चौकट आहे, कवाड नाही : सी भाषेतल्या ‘कॉन्स्ट’चा इतिहास



शनिशिंगणापुरात व्याख्यान म्हटल्यावर तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने कर्मसिद्धान्तावर बोलावं, नाहीतर साडेसातीवर, अशी साधारण अपेक्षा असते. आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, “सी भाषेतला कॉन्स्ट.” पलीकडे थोडा वेळ कुणी बोललंच नाही. आज समोर अभियांत्रिकीची मुलंमुली बसली आहेत, त्यांना हा शब्द माहीत आहे. मागे गावातली वडीलधारी मंडळी आहेत, त्यांना तो माहीत नसेल. पण शब्दामागची गोष्ट त्यांना अधिक लवकर कळेल, असा आमचा अंदाज आहे.

या विषयाकडे आम्हाला ओढलं ते आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने. तिने आमच्याकडे तर्कशास्त्र शिकलं, मग ती संगणकाकडे वळली. आता ती लिनक्सच्या कर्नेलसाठी ड्रायव्हर लिहिते. म्हणजे संगणकाला एखादं यंत्र जोडलं, की त्या यंत्राशी बोलणारा जो कोड असतो, तो. एकदा घरी आली आणि चहा घेता घेता म्हणाली, “सर, मी कोडमध्ये एक वचन मोडलं, आणि दीड वर्ष कुणाला कळलंच नाही.” तर्कशास्त्राच्या माणसाला ‘वचन’ हा शब्द ऐकल्यावर स्वस्थ बसवत नाही. आम्ही खोदून खोदून विचारत गेलो, आणि त्या चौकशीतून हे व्याख्यान तयार झालं.

आधी मागच्या मंडळींसाठी दोन शब्द. संगणकाची मेमरी म्हणजे घरांची एक लांबच लांब रांग समजा. प्रत्येक घराला नंबर आहे. प्रोग्रामचा एक भाग दुसऱ्या भागाला अख्खं घर उचलून देत नाही, घराच्या नंबराची चिठ्ठी देतो. या चिठ्ठीला पॉइंटर म्हणतात. चिठ्ठी ज्याच्या हातात आली तो त्या घरात जाऊन वस्तू बघू शकतो आणि बदलूही शकतो. घराला कवाड नाही! आता चिठ्ठीवर ‘कॉन्स्ट’ लिहिलं, तर तिचा अर्थ होतो : घरात जा, काय हवं ते बघ, पण काही हलवू नकोस.

इथे एक बारकावा आहे, आणि आजच्या सगळ्या बोलण्याची मेख त्यातच आहे. चिठ्ठीवरचा ‘कॉन्स्ट’ हा घरातल्या वस्तूबद्दल काही सांगत नाही, तो चिठ्ठी घेणाऱ्या हाताबद्दल सांगतो. घराचा मालक स्वतःच्या चिठ्ठीने आत जाऊन वस्तू खुशाल बदलेल. ‘या चिठ्ठीच्या वाटेने मी बदलणार नाही’, एवढंच ते वचन आहे. याउलट, वस्तू तयार करतानाच तिच्यावर ‘कॉन्स्ट’ लिहिलं असेल, तर ती कुणीच बदलायची नाही. बदलली, तर पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही. शंकराचार्यांनी ज्ञानाला वस्तुतंत्र म्हटलं आणि कर्माला पुरुषतंत्र. ती जोडी आम्ही इथे उसनी घेतो. वस्तूवरचा कॉन्स्ट वस्तुतंत्र, चिठ्ठीवरचा कॉन्स्ट पुरुषतंत्र. शब्द एकच, पण नाती दोन. आमची विद्यार्थिनी ठेचकाळली ती नेमकी या दोहोंच्या मध्ये.

आता इतिहास. डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 1972 च्या सुमारास सी भाषा घडवली, तेव्हा तिच्यात कॉन्स्ट नव्हता. युनिक्स लिहिणारी माणसं मोजकी होती, सगळी एकमेकांना ओळखत होती. ज्या वाड्यात सगळी घरचीच माणसं, तिथे ‘हात लावू नये’ अशी पाटी कोण लावतो? त्याच प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप सीच्या अंगणातच एक नवी भाषा वाढवत होते, तीच पुढे सी प्लस प्लस झाली. 1981 मध्ये त्यांनी दोन शब्द सुचवले : एक ‘फक्त वाचण्यासाठी’, दुसरा ‘फक्त लिहिण्यासाठी’. कल्पना कुठून आली, हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेमरीच्या तुकड्याला दोन खुणा असतात, वाचायची परवानगी आहे की नाही, आणि लिहायची आहे की नाही. ही खूण भाषेतच आणावी, असं त्यांना वाटलं. बेल प्रयोगशाळेतल्या सीच्या मंडळींना पहिला शब्द आवडला. त्यांनी तो ‘कॉन्स्ट’ या नावाने घेतला, दुसरा मागे पडला. ही खूण यंत्राच्या मेमरीतून भाषेत आली, हे लक्षात ठेवा. पुढे ती परत मेमरीकडे जाणार आहे.

1989 मध्ये अमेरिकेत सी भाषेचं प्रमाणपत्रक झालं, त्यात कॉन्स्ट अधिकृत झाला. पण भाषेचा जनक याबद्दल फारसा खूश नव्हता, बरं का. 1988 मध्ये समितीला लिहिलेल्या पत्रात रिचींनी ‘नोएलियस’ नावाचा दुसरा एक शब्द काढून टाका म्हणून ठणकावलं, आणि तो निघालाही. त्याच पत्रात त्यांनी कॉन्स्टबद्दलही शंका बोलून दाखवली. शिकणाऱ्यावर जेवढा भार पडतो तेवढा मोबदला मिळतो का, असा त्यांचा प्रश्न होता. मात्र आता उशीर झाला आहे, म्हणून तो काढा असा आग्रह त्यांनी धरला नाही. ही शंका पोरकट नव्हती. वचनाचा खर्च फक्त देणाऱ्याला पडत नाही, मधल्या प्रत्येकाला पडतो. एका चिठ्ठीवर कॉन्स्ट लिहिला, की ती ज्या ज्या हातांतून जाते त्या सगळ्यांना तो लिहावा लागतो. अर्ध्यात कुणी लिहिला नाही, तर पुढच्याला वचन कळतच नाही.

आणि तसंच झालं. खुद्द प्रमाणित सीच्या ग्रंथालयातच भोक राहिलं. मजकुरात एखादं अक्षर शोधून देणारं एक साधं फंक्शन आहे, स्ट्रचर नावाचं. ते चिठ्ठी घेताना म्हणतं, “मी काही बदलणार नाही.” पण अक्षर सापडलं की त्याच मजकुराची जी चिठ्ठी परत देतं, तिच्यावर कॉन्स्ट नाही. आत जाताना वचन, बाहेर येताना कोरी चिठ्ठी! हे मुद्दाम केलेलं होतं. फंक्शन एकच, आणि बदलता येणारा मजकूर घेऊन येणाऱ्यालाही ते वापरता यायला हवं होतं. पण परिणाम असा, की अत्यंत प्रामाणिक माणसाच्या हातून वचन धुऊन निघायचं आणि कुणालाही अपराधी वाटायचं नाही. हे भोक बुजायला सीची 2024 मध्ये प्रसिद्ध झालेली आवृत्ती यावी लागली, सी-23 म्हणतात ती. मध्ये गेली पस्तीस वर्षं.

इथे आम्ही जरा थांबतो आणि याच तालुक्यातल्या नेवाशाला जाऊन येतो. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण पुढचं फार थोडे सांगतात. ग्रंथ हातोहाती उतरवला गेला. उतरवणारा प्रत्येक जण भक्तच, चोर कुणीच नाही. कुणाला एखादा शब्द जुना वाटला, त्याने सोपा घातला. कुणाला एखाद्या ठिकाणी स्फुरण आलं, त्याने आपली ओवी जोडली. पुढे तिसऱ्याच्या हातात पोथी आली तेव्हा मूळ कुठलं आणि भर कुठली, हे सांगणारी खूणच उरली नव्हती. तीनशे वर्षांत पाठ इतके बिघडले, की शके 1506 मध्ये, इसवी सन 1584 मध्ये, पैठणच्या एकनाथांना पोथ्या जमवून ग्रंथ शुद्ध करावा लागला. आणि शुद्ध करून झाल्यावर शेवटी त्यांनी बजावून ठेवलं, की यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये.

आमच्या मते मराठी मुलखातला हा एक जुना आणि ठळक ‘कॉन्स्ट’ आहे. त्याचा क्रम बघा. नाथांनी स्वतः आधी ग्रंथात हात घातला, दुरुस्ती केली, आणि मग तो बंद केला. अगदी हीच व्यवस्था लिनक्सच्या कर्नेलमध्ये 2016 साली कीस कुक यांच्या कामातून आली. काही माहिती अशी असते, की संगणक सुरू होताना ती एकदा लिहावीच लागते, पण सुरू होऊन झाल्यावर बदलायचं कारण नसतं. अशा माहितीवर एक खूण करायची. सुरुवात संपली, की कर्नेल ती पानं लिहिण्यासाठी बंद करून टाकतं. आधी शोधन, मग मुद्रा.

कर्नेलकडे आलोच आहोत, तर तिथला क्रम सांगतो. लिनक्स 1991 चं. त्याच्या कोडचा अर्ध्याहून मोठा भाग ड्रायव्हरांचा आहे, आणि ते लिहिणारी माणसं जगभर विखुरलेली, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली. वाडा संपला, बाजार सुरू झाला. ड्रायव्हरमध्ये कामांचे तक्ते असतात. ‘फाइल उघडायची तर हे फंक्शन बोलवा, वाचायची तर ते’, असे पत्ते त्यांत लिहिलेले असतात. हे तक्ते एरवी कधी बदलत नाहीत. पण लिहिण्यासाठी उघडे पडले, तर हल्लेखोर त्यातला एकच पत्ता बदलतो आणि कर्नेलला आपल्या घरी नेतो. म्हणून 2006 मध्ये आर्यन व्हॅन दे व्हेन यांनी असे पुष्कळ तक्ते कॉन्स्ट करणारे बदल पाठवले. कॉन्स्ट झालेला तक्ता मेमरीच्या वेगळ्या भागात जातो, आणि तो भाग हार्डवेअरच्या मदतीने लिहिण्यास बंद करता येतो. सुरुवातीला ही सोय दोष शोधण्यासाठीची, ऐच्छिक मानली जायची. 2017 मध्ये तिच्या नावातून ‘डीबग’ हा शब्दच गेला, कारण ती आता संरक्षणाची मूलभूत गोष्ट ठरली होती. स्ट्राउस्ट्रप यांनी मेमरीच्या खुणेवरून भाषेत आणलेला शब्द अशा रीतीने मेमरीकडे परत गेला.

म्हणजे आता आपल्याकडे तीन गोष्टी झाल्या. चिठ्ठीवरचा कॉन्स्ट हे वचन. कंपायलर हा साक्षीदार, कुणी वचन विसरला तर तो ओरडतो. आणि मेमरीचं बंद पान हे कुलूप. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीला दुसरी समजण्यात घोटाळा होतो.

आता विद्यार्थिनीची हकीकत. एकाच जातीचे दोन सेन्सर एका यंत्राला जोडलेले होते. त्या जातीची माहिती एका कॉन्स्ट तक्त्यात होती. कर्नेलने तिला तक्त्याची चिठ्ठी दिली, तिच्यावर कॉन्स्ट होता. तिला एका सेन्सरसाठी एक आकडा थोडा बदलायचा होता. कंपायलर ओरडला. तिने कास्ट केलं, म्हणजे ‘मला माहीत आहे मी काय करते ते, तू गप्प बस’ असं साक्षीदाराला सांगितलं. आणि आकडा लिहिला. त्या जुन्या बोर्डावर मेमरीचं कुलूप चालू नव्हतं, म्हणून काम चाललं. पण तक्ता दोघांचा सामाईक! पहिल्या सेन्सरसाठी केलेला बदल दुसऱ्याला मुकाट लागू झाला. दीड वर्ष दुसऱ्याची मोजमापं किंचित चुकत राहिली, आणि सगळे दोष देत राहिले सेन्सर बनवणाऱ्याला. पुढे नवा बोर्ड आला, त्यावर कुलूप चालू होतं. पहिल्याच सुरुवातीला कर्नेल कोसळलं. ती म्हणाली, “सर, कोसळलं तेव्हा आधी वैताग आला. मग कळलं, की खरी चूक कोसळण्यात नव्हती, मधल्या दीड वर्षात होती.”

दुरुस्ती सोपी होती. तक्त्याची प्रत प्रत्येक सेन्सरपुरती वेगळी करून घ्यायची आणि बदल त्या प्रतीत करायचा. पोथीत लिहू नका, आपल्या वहीत उतरवून घ्या आणि तिथे काय हवं ते लिहा. नाथांनी यापेक्षा वेगळं काय सांगितलं होतं?

पण हिच्या गोष्टीत निदान एक जागा अशी होती, जिथे तिने साक्षीदाराला स्वतःहून गप्प केलं. कर्नेलमध्ये एक वाट अशी होती, की तिथे कुणी काही न करताच वचन गळून पडायचं. या गावात ती समजावणं सोपं आहे. तुमच्या घरांना चौकट असते, कवाड नसतं. समजा आम्ही कुणाला घराचा नाही, फक्त चौकटीचा पत्ता दिला, आणि सांगितलं, ‘बघायचं, हात लावायचा नाही.’ चौकट घराच्या कडेपासून किती हातांवर आहे हे ठरलेलं असेल, तर तेवढे हात मागे मोजून तो अख्ख्या घराचा पत्ता काढू शकतो. कर्नेलमध्ये हे रोजच चालतं. प्रत्येक उपकरणाच्या मोठ्या नोंदीत एक छोटी, सर्वसाधारण नोंद बसवलेली असते. कर्नेल त्या छोट्या नोंदीचीच चिठ्ठी देतं, आणि ड्रायव्हर वजाबाकी करून मोठी नोंद गाठतो. या वजाबाकीच्या मॅक्रोचं नाव ‘कंटेनर ऑफ’. तो आत चिठ्ठीची जात पुसून वजाबाकी करतो आणि नवी, कोरी चिठ्ठी देतो. चौकटीच्या चिठ्ठीवर ‘हात लावू नये’ होतं, घराच्या चिठ्ठीवर काहीच नाही. कंपायलरही गप्प, कारण पुसण्याचं काम मॅक्रोच्या पोटात होतं.

हे वर्षानुवर्षं चाललं, कारण इलाज अवघड होता. येणारी चिठ्ठी कॉन्स्ट असेल तर जाणारीही कॉन्स्ट असावी, नसेल तर नसावी, असं सांगायला भाषेत सोयीचं साधन हवं. ते साधन 2011 च्या सीमध्ये आलं, पण कर्नेल तोवर 1989 च्या सीवरच बांधलं जात होतं. 2022 मध्ये लिनक्सच्या 5.18 आवृत्तीबरोबर कर्नेलने नवी सी स्वीकारली. त्याच वर्षाच्या शेवटी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘कंटेनर ऑफ कॉन्स्ट’ नावाचा नवा मॅक्रो आणला. तो आला त्या वाटेने वचन जपून नेतो. 2023 च्या 6.2 आवृत्तीत तो सर्वांच्या हाती पडला.

त्यामुळे पुढचं पाऊल टाकता आलं. नवं उपकरण जोडलं, की कर्नेलमधली ‘बस’ एकेका ड्रायव्हराला आणि उपकरणाला समोरासमोर धरते आणि विचारते, हे दोघे जुळतात का? पत्रिका जुळवण्यासारखंच हे काम. जुळवणाऱ्याने पत्रिका वाचायची असते, तिच्यात खाडाखोड करायची नसते. पण या कामाच्या फंक्शनला ड्रायव्हराची जी चिठ्ठी मिळायची, तिच्यावर कॉन्स्ट नव्हता. 2024 मध्ये, 6.11 आवृत्तीत, तो आला. ऐकायला केवढीशी गोष्ट! पण त्यासाठी कितीतरी बसच्या कोडमधल्या चिठ्ठ्या एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या. रिचींनी 1988 मध्ये ज्या खर्चाकडे बोट दाखवलं होतं, ते बिल हेच. फक्त एवढंच, की न भरलेलं बिल दुसरीकडून वसूल होत होतं.

आता या गावाकडे येतो. इथे चौथऱ्यावरची शिळा उघड्यावर आहे, तिला छप्पर नाही. घरांना कवाडं नाहीत, आणि चोरी करणाऱ्याला शनिदेव शिक्षा करतात अशी गावाची श्रद्धा आहे. 2011 च्या जानेवारीत युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभर तिची बातमी झाली. पण त्याच सुमारास एका बाहेरच्या भाविकाच्या गाडीतून चोरी झाल्याचंही वर्तमानपत्रांत आलं. मग काही लोक म्हणाले, संपलं, खोटी ठरली ती परंपरा.

आम्हाला हे म्हणणं पटत नाही, आणि का पटत नाही ते कॉन्स्टने आम्हाला नीट शिकवलं. कवाड नसलेलं घर ‘इथली वस्तू कधीच जाणार नाही’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘इथे राहणारे आम्ही एकमेकांच्या वस्तूला हात लावत नाही.’ वचन हातांबद्दलचं आहे. ज्याच्या हाती ते कधी दिलंच गेलं नाही, त्याने ते मोडलं असं म्हणता येत नाही. बाहेरच्यासाठी कुलूप लागतं, हे कर्नेलने मान्य केलं. तुम्हीही कुठे कुठे कराल, त्यात लाज नाही. पण कुलूप लावलं म्हणून वचन फुकट गेलं, असं नाही. कुलूप तेव्हाच बोलतं, जेव्हा कुणी हात घालतो. त्याआधीची सगळी वर्षं वचन आणि साक्षीदार यांच्यावरच निघतात.

म्हणून गावाला आम्ही विचारू, की वचन पुढच्या हातात देताना त्याच्यावरची खूण शाबूत राहते आहे का? आजोबांनी कवाड लावलं नाही, ते त्यांना कारण माहीत होतं म्हणून. नातवाने केवळ चौकटीचा पत्ता घेतला आणि कारण गाळलं, तर त्याच्या हातात कोरी चिठ्ठी आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोष मधल्या वजाबाकीचा आहे. हे सगळ्याच वारशाला लागू आहे, ग्रंथाला, शेताच्या बांधाला आणि कोडलाही.

समोरच्या मुलांना एकच सांगणं. उद्या नोकरीत कंपायलर ओरडेल, घड्याळात रात्रीचे अकरा वाजलेले असतील, आणि एका कास्टने तो गप्प होईल. त्या वेळी हात थांबवा आणि विचारा, हे वचन मला कुणी दिलं होतं, आणि माझ्यानंतर ही चिठ्ठी कुणाकडे जाणार आहे? बदल करायचाच असेल, तर आपली प्रत काढा. आमच्या विद्यार्थिनीने आता टीममध्ये नियमच केला आहे. कॉन्स्ट पुसणारी कास्ट दिसली, की लिहिणाऱ्याने शेजारी कारण लिहायचं. ती सांगते, कारण लिहायला बसलं की निम्म्या वेळा कास्टच काढून टाकली जाते.

वेळ संपली. मागच्या मंडळींना काही विचारायचं असेल, तर आम्ही इथेच बसलो आहोत. नमस्कार.